बाजेचे चार कोपरे

पोरी, सलाम.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते, या वयात झोप येते ती नाइट ड्युटीवरच्या डुलकीसारखी, तुकड्यातुकड्यात. दोनदा वाचला, मग चष्मा पुसून परत एकदा. आधी वाटलं बोलूनच पाठवावं, पण मग म्हटलं लिहूनच काढते, म्हणजे तुला हवं तेव्हा उघडून बघता येईल, फक्त टायपिंगच्या चुका काढत बसू नकोस, एका बोटाने करते मी.

तर मला कळलं ते असं. आईच्या कॅन्सरच्या तीन केमो झाल्या, गाठ हाताला लागेनाशी झाली. मधल्या रविवारी शेजारच्या कुणीतरी आईला चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करतात तिथे, नेलं, तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि स्टेजवरून सांगितलं की तू बरी झालीस, आता औषध घेशील तर देवावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ होईल. आणि आता आई म्हणते, बुधवारच्या चौथ्या केमोला मी येत नाही. तू विचारतेस की तिला नेलं तर तो माझा अविश्वास ठरेल का, आणि नाही नेलं आणि काही झालं तर मी काय करू.

सरळ सांगते. ने तिला. उरलेलं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

पण तू वाचणार, लहानपणापासून कंपाउंडमधल्या पोरांमध्ये सगळ्यात जास्त "पण का" विचारणारी तूच होतीस, संडे स्कूलच्या बाईंना तू विचारलं होतंस की येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर दुसऱ्यांदा मेला तेव्हा त्याच्या बहिणी काय म्हणाल्या असतील. बाई अजून ते सांगतात.

आधी गाठीचं बोलू, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. ऑपरेशनच्या आधी केमो देतात ती बऱ्याचदा गाठ आक्रसावी म्हणूनच. म्हणजे ती हाताला लागत नाही ही चांगलीच गोष्ट आहे, डॉक्टरही खूश होतील, पण हाताला न लागणं आणि नसणं यात फरक आहे. बोटांना जे कळतं ते फार थोडं असतं ग, मी चाळीस वर्षं बोटांनी नाडी बघितली आहे म्हणून सांगते. जुन्या दिवसांत टीबीचे पेशंट हेच करायचे, दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, की गोळ्या बंद, कशाला सहा महिने घ्यायच्या, आणि वर्षाभराने परत यायचे तेव्हा त्याच गोळ्या लागू पडत नसायच्या. आईची केमो अर्धवट सोडणं तसलंच आहे, म्हणून बुधवार चुकवायचा नाही.

आता देवाचं.

मी देवाच्या बरं करण्यावर विश्वास ठेवते का, असं तू आडून विचारलंयस. ठेवते. १९७४ साली मिरजेला नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा एवढा ठेवत नव्हते, आता जास्त ठेवते. तुला एक पोरगा सांगते. नऊ-दहा वर्षांचा असेल, शेतात बाभळीचा काटा पायात घुसून मोडला होता, घरच्यांनी हळद लावून सोडून दिलं आणि आठवड्याने जबडा आवळायला लागला. धनुर्वात. तेव्हा धनुर्वाताच्या पेशंटला अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, खिडकीला काळा कपडा, दाराला कापडाची घडी लावलेली म्हणजे आपटणार नाही, कारण जरा आवाज झाला की अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. आम्ही चपला काढून आत जायचो. डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं की निम्मीअर्धी आशा धरा. आजोबा आमच्याच चर्चमंडळीतले, गावाकडचे, एरवी प्रार्थना करायला उभे राहिले की बाहेर बैल दचकावेत असा आवाज, पण त्या खोलीत मोठ्याने बोलायची मनाई. तर ते रात्रभर खाटेशी जमिनीवर बसून नुसते ओठ हलवत होते, मी दर तासाला आत जायचे, इंजेक्शन द्यायचे, लाळ पुसायचे, आणि ते ओठ तसेच हलत असायचे. असे अकरा दिवस. पोरगा चालत घरी गेला.

कशाने वाचला ते मला विचारू नकोस. सिरमने, झोपेच्या इंजेक्शनने, काळ्या कपड्याने, की त्या ओठांनी. मी त्या खोलीत होते आणि मला ते वेगळं काढता आलं नाही, आणि खरं सांगू का, आजोबांनाही काढायचं नव्हतं, त्यांनी देवाचे आभार मानले आणि डॉक्टरांना एक पोतं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या.

हे तुला का सांगितलं, तर स्टेजवरचा माणूस जे म्हणतो ना की हे किंवा ते, ते आपल्या मिशनवाल्यांकडून मी कधी ऐकलेलं नाही. डॉक्टर वॉनलेस मिरजेला आले ते प्रार्थना करणारे गृहस्थ, आणि त्यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं. वेल्लोरच्या आयडा स्कडर तर मिशनरी घरातल्या, डॉक्टर व्हायचंच नव्हतं त्यांना, पण एका रात्रीत तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष दाराशी आले, बायको अडली आहे, पुरुष डॉक्टर चालणार नाही, बाई पाहिजे, आणि आयडाबाईंना काही येत नव्हतं. तिन्ही बायका गेल्या. त्या रात्री प्रार्थना झाली नसेल असं वाटतं तुला? झालीच असणार, आणि तिचं उत्तर म्हणून त्या बाई अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, १९०० मध्ये दवाखाना सुरू केला, १९१८ मध्ये बायकांसाठी मेडिकलचं शिक्षण. प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच ही हॉस्पिटलं बांधली ग. मग तिथलं सलाइन लावून घेणं हा अविश्वास कसा होईल?

आता पवित्र शास्त्रातलं बघू, कारण आई वचनं काढणार आणि तुला उत्तर देता आलं पाहिजे, पण भांडायला म्हणून नाही.

आई म्हणेल बारा वर्षं रक्तस्राव झालेली बाई बघ, वैद्यांनी तिचं सगळं धन खाल्लं आणि ती बरी झाली ती येशूच्या वस्त्राला शिवून. खरंय, मार्कने त्याच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तसंच लिहिलंय की वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले आणि गुण न येता दुखणं वाढलं. पण तीच गोष्ट लूकमध्ये काढून वाच, लूकला प्रेषित पौल प्रिय वैद्य म्हणतो, तर लूक नुसतं म्हणतो की कुणालाच तिला बरं करता आलं नाही. हाल केले, दुखणं वाढलं, हे सगळं गाळलंय. वैद्य वैद्याची बाजू घेणारच! आमच्या मेट्रनबाई हे सांगून दरवर्षी हसायच्या. गंमत सोड, पण वैद्याने लिहिलेलं शुभवर्तमान आपण रविवारी उभं राहून ऐकतो आणि सोमवारी म्हणतो वैद्याकडे जाणं पाप आहे, हे जमत नाही.

हिज्कीया राजाचं काढ. मरायला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने ऐकलं, पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि मग यशया संदेष्टा काय म्हणतो, तर अंजिरांचं पोटीस करून गळवावर बांधा. देवाने हो म्हटल्यावर पोटीस! मला तर हा सगळ्या शास्त्रातला सगळ्यात नर्सिंगचा अध्याय वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुष्ठरोगी. येशूने त्याला शिवून बरं केलं, मग लगेच काय सांगितलं? कुणाला बोलू नको, जा, स्वतःला याजकाला दाखव. का, तर मोशेच्या नियमाप्रमाणे कातडी बघून हा शुद्ध झाला की नाही हे ठरवायचं काम याजकाचं होतं, म्हणजे त्या काळचा रिपोर्टच म्हण. प्रत्यक्ष येशूने बरं केलेल्याला येशूच म्हणतो तपासून घे. तेव्हा आईला एवढंच विचार की आई, तू बरी झाली असशील तर मला आनंदच आहे, मग याजकाला दाखवायला काय हरकत आहे? कॅथलिक लोक यात आपल्यापेक्षा शिस्तीचे. फ्रान्समध्ये लूर्दला १८५८ पासून लोक आजार घेऊन जातात, तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं ऑफिसच बसवलंय, कुणी म्हणालं मी बरा झालो की आधीचे कागद बघणार, उपचाराने झालंय का बघणार, वर्षानुवर्षं टिकतंय का बघणार. हजारो नोंदी आल्या आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. घाई नाही. स्टेज नाही.

माझी मिरजेच्या हॉस्टेलमधली रूममेट वसईची कॅथलिक होती, वडिलांच्या पायासाठी बांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचा पाय वाहून आली होती, आणि आम्ही प्रोटेस्टंट पोरी तिला हसायचो. पण इंजेक्शनची वेळ पाच मिनिटं चुकवायची नाही ती पण तीच, आणि हसणाऱ्या आम्ही चुकवायचो. असो.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. हे मी कंपाउंडमध्ये कुणाला बोलले नाहीये.

साल ८३ असेल किंवा ८४, मी तेव्हा एका मिशन हॉस्पिटलात फीमेल वॉर्डला होते, आणि फार उत्साही होते, नुकतीच एका उपास-प्रार्थनेच्या शिबिराला जाऊन आलेले. वॉर्डात एकोणीस वर्षांची मुलगी होती, हृदयाच्या झडपा लहानपणीच्या तापाने खराब झालेल्या, पायांवर सूज, उशांना टेकून बसूनच झोपायची. तिची आई रोज सकाळच्या एसटीने यायची, स्टीलच्या डब्यात मऊ भात आणि वरून तुपाचा एक थेंब, मीठ बंद म्हणून मीठ नाही. मी त्या माउलीला म्हटलं, काय म्हटलं ते मला शब्दन्शब्द आठवतंय, विश्वास धरा, मनात एक कणसुद्धा शंका आणू नका, शंका आली की देव हात आखडतो. मला वाटलं मी तिला धीर देतेय.

मुलगी पंधरा दिवसांनी पहाटे गेली.

महिन्याभराने ती आई परत आली. मला वाटलं काही कागद राहिला असेल. रिकामा डबा होता हातात, सवयीने आणला असेल, आणि ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर बसून ती मला अगदी साध्या आवाजात म्हणाली, सिस्टर, मी खूप आठवून बघितलं, माझी शंका नेमकी कुठल्या दिवशी आली असेल?

पोरी, ती रडत नव्हती ग. ती हिशोब करत होती. एक मंगळवार तिला सापडला होता, त्या दिवशी एसटी चुकली म्हणून ती उशिरा आली आणि वाटेत तिच्या मनात आलं होतं की आपण पोचू तोवर असेल ना. तो दिवस असेल का, विचारत होती. आणि ते मोजमाप तिच्या हातात मी दिलं होतं, पांढऱ्या कपड्यातल्या मी.

मी तिला काय उत्तर दिलं? काही नाही. नाही नाही, देवाची इच्छा, असलं काहीतरी पुटपुटले आणि ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आत गेले. ती गेली असेल मग कधीतरी उठून.

त्यानंतर कित्येक महिने मला कुणासाठी प्रार्थना करता येईना, नुसतं बेडशी उभं राहायचं. आणि मग एका रात्री नाइटला मार्कचा दुसरा अध्याय उघडला, आपल्याला पाठ आहे तो, पक्षघाती माणूस, चौघांनी उचलून आणलेला, घरात गर्दी म्हणून छप्पर उस्तरून वरून बाज खाली सोडली. शंभरदा ऐकलेला. त्यात लिहिलंय, येशूने त्यांचा विश्वास पाहून. त्यांचा! बाजेवरच्याचा नाही म्हटलेलं, त्यांचा म्हटलंय, म्हणजे धूळमाती अंगावर घेऊन छपरावर चढलेले चौघेही त्यात आले. पक्षघाती तर आख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याला विश्वास होता का, त्याला यायचं तरी होतं का, की तो म्हणत होता अरे नका रे, पडेन मी, काही माहीत नाही.

मग याकोबाचं पत्र काढलं. तिथे पण तेच. कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ती विश्वासाची प्रार्थना कोण करतंय, तर आलेले लोक. आजाऱ्याने काय करायचंय, तर बोलवायचं. बस्स, एवढंच काम त्याला दिलंय.

आणि आपण काय करतो, आजारी माणसाच्याच गळ्यात विश्वासाचं ओझं अडकवतो. अंगात रक्त नाही, तोंडात फोड आलेत, झोप नाही, आणि वर हा हट्ट की शंका येऊ देऊ नको. बाज त्याच्याच डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो चल आता.

तू पाठवलेला तो अमेरिकेतला प्रार्थनेवरचा अभ्यास मी वाचला, म्हणजे भाच्याकडून समजून घेतला. २००६ चा ना, सहा हॉस्पिटलं, १८०२ बायपासचे पेशंट, अनोळखी लोकांनी नाव वाचून प्रार्थना केली आणि काही फरक पडला नाही, उलट ज्यांना पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे त्यांना त्रास थोडा जास्तच झाला, १०० तले ५९, बाकीच्यांत ५१-५२. तुला वाटलं मला वाईट वाटेल. नाही वाटलं. देव काही बीपीच्या मशीनसारखा पट्टा आवळून आकडा दाखवत नाही. पण तो ५९ मात्र मला नवीन नव्हता. अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलंय म्हणे, त्या लोकांना दडपण आलं असेल, आपण एवढे आजारी आहोत की काय की प्रार्थनेची माणसं बोलवावी लागली. मी ते दडपण बाकावर बसलेलं बघितलंय, हातात रिकामा डबा घेऊन.

आता तू पुढचं विचारशील, सगळं करूनही बरं झालं नाही तर. विचारच. मलाही उत्तर येत नाही पण एवढं माहितीये की हा प्रश्न पडलेली तू पहिली नाहीस. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. तोच पौल ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे, तोच एका पत्रात लिहितो की सोबतचा त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो, आणि तीमथ्याला सांगतो पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्रफिमचा विश्वास कमी होता असं तो एका शब्दाने म्हणत नाही. आजारी होता, ठेवून आलो. एवढंच.

आणि आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई घे. १९०५ चं मुक्ती मिशनचं संजीवन, म्हणजे विश्वासाची जागृती, शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थनेत, परदेशातून लोक बघायला आले. अशा बाईचा नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कॉलऱ्याने गेलेला, कान तरुणपणापासूनच जात चाललेले, आणि एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये आईच्या डोळ्यांसमोर गेली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मग आपल्या कंपाउंडमधल्या साध्या बायकांना बरी रेटते.

आता बुधवारचं बघ.

आईशी वचनांची लढाई करू नकोस, ती जिंकेल, तिला जास्त पाठ आहेत. आधी विचार, सभेत तुला काय वाटलं ग? आणि गप्प बसून ऐक. मला वाटतं, चुकत असेन तर सांग, की तिथे कुणीतरी तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला किळस न करता हात लावला असेल. सभेवाल्यांना मी शिव्या देणार नाही. औषध बंद कर म्हणणारा माणूस चूक आहे, आणि तो पुढच्या गावाला जातो, ताप आल्यावर रात्री दोनला तो फोन उचलत नाही, ते माझ्या डोळ्यांपुढे आहेच. पण त्या शेजारच्या बाई आईजवळ दोन-दोन तास बसल्यात ना? आमचं महिला मंडळ एकदा येऊन दहा मिनिटांत नारळपाणी ठेवून, स्तोत्र वाचून गेलं, त्यात मी पण होते. रिकामी जागा दिसली की कुणीतरी बसणारच.

दुसरं, मला दाट शंका आहे की तिला चौथ्या केमोची भीती वाटतेय आणि ते बोलायची लाज वाटतेय. लाल औषध ना? ते बघूनच पोटात ढवळायला लागतं बायकांना, नंतर लघवी लाल होते तेव्हा घाबरतात, ते औषधाचाच रंग असतो, रक्त नव्हे, सांगितलं होतं का तिला? उलट्या किती होतात ते डॉक्टरांना आकड्यात सांग, खूप होतात असं नाही, रात्रीत सहा वेळा असं सांग, मग ते उलटीचं औषध बदलून देतात, त्यात आता पुष्कळ सुधारणा झालीये. उलटी आटोक्यात आली की कदाचित तिचं शास्त्रही मऊ पडेल.

तिसरं, तिला उपास करू देऊ नकोस. ती म्हणेल मी उपास-प्रार्थना करते. सांग तिला, सिस्टरआजीने सांगितलंय तुझा उपास आम्ही वाटून घेतलाय, सोमवार माझा, मंगळवार चर्चच्या पाळकसाहेबांचा, तू अंडं खा. आणि खरंच वाटून घेऊ, तू तुझ्या भावाला एक दिवस दे, त्याला वडापाव सोडायला लागू दे जरा.

पाळकसाहेबांशी मी बोललेय. ते बुधवारी सकाळी आठला थेट डेकेअर वॉर्डलाच येतील, सुई लावायच्या आधी तेल लावून प्रार्थना करतील. मुद्दाम तिथेच, घरी नाही, म्हणजे आईला दोन्ही एकाच खुर्चीत बसून मिळेल. मी त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवल्यात. तेल कपाळाला एक थेंब, जास्त नको, केमोत वास सहन होत नाहीत. प्रार्थना छोटी, कारण तिला खोकला आला तर ती संकोचाने दाबून ठेवेल. आणि आजाराचं नाव घेऊन ओरडून हाकलायचं नाही, शेजारच्या खुर्चीतल्या बाईचाही तोच आजार असतो आणि तिला कुणी आलेलं नसतं. तिलाही विचारा म्हटलं, ताई, तुमच्यासाठी करू का, नाही म्हणाली तर नाही.

तुला प्रार्थना येईना झालीये असं शेवटच्या ओळीत लिहिलंयस. मग नको करू. बाजेचा तुझ्या वाट्याचा कोपरा मी धरते तोवर, तू फायली सांभाळ. आणि अगदीच वाटलं तर शुभवर्तमानातल्या त्या आजारी मुलाच्या बापाचं वाक्य आहे, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही म्हणाला तो, आणि येशूने त्याला आधी नीट ठरवून ये असं म्हटलं नाही, पोराला बरं केलं.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस म्हणजे ओढाताण असणार. महात्मा फुले योजनेत केमो बसते, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत, हॉस्पिटलमध्ये योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेट, आणि लाजू नकोस. सभेत आईने पाकिटात किती टाकले ते मात्र विचारू नकोस, गेले ते गेले.

एक शेवटचं आणि हे फ्रिजवर चिकटव. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ताप १०० पॉइंट ४ किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असो की रविवार, सरळ हॉस्पिटल. त्या वेळची प्रार्थना रिक्षात बसून करायची.

मी मंगळवारी दुपारच्या एसटीने निघते, संध्याकाळपर्यंत पोचेन, घ्यायला येऊ नकोस, शिवाजीनगरवरून येईन मी. आईला सांग भातात तूप मी माझ्या हाताने घालणार आहे, आणि मीठ पण. थर्मामीटर घरात आहे का ते कळव, नसेल तर डिजिटल घे, तो जुना पाऱ्याचा नको, तुला वाचता येणार नाही.

सलाम,
तुझी सिस्टरआजी